मेजरांची फुंक

माणसाला फुंकायला लावणं किती चिवट काम आहे, हे ज्यानं केलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? छाती भरून श्वास घ्यायचा आणि नळीत सोडायचा. करून बघा एकदा! पहिली फुंक लोक बशीतला चहा गार करायला मारतात तशी मारतात. दुसऱ्या फुंकेला हसू येतं. तिसऱ्या वेळी गाल फुगतात आणि हवा ओठांच्या कडेनं पसार होते. छातीतला दम मोजणारं मशीन आपलं मख्ख. आकडा दाखवतं खरं, पण तो त्या माणसाच्या छातीचा नसतो.

शामराव मेजर आमच्याकडं हे काम करायचे. आमच्याकडं म्हणजे सांगलीतल्या एका मेडिकल कॉलेजच्या सर्व्हेत. माधवनगरच्या बाजूला जुन्या गिरण्या बंद पडल्या, पण कापूस काही गेला नाही. टाकाऊ कापूस, चिंध्या, सुताचा गुंता पिंजून पुन्हा वापरायला देणाऱ्या पत्र्याच्या शेड तिथं आहेत. आत गेलं की पाच मिनिटांत भुवया पांढऱ्या. त्या धुळीनं आतल्या बायकांच्या छातीचं काय होतं ते मोजायचं आणि कागदावर आणायचं, असा आमचा अभ्यास होता. अहवाल मान्य झाला तर शेडवाल्यांना धूळ ओढणारे मोठे पंखे बसवणं भाग पडणार होतं. नाही झाला तर आहे तेच चालू. मी प्रश्न विचारून फॉर्म भरायचे, मेजर फुंकायला लावायचे, आणि आमच्या डॉक्टर मॅडम त्या सगळ्याचा हिशेब लावायच्या.

मेजर सैन्यात मेजरबिजर काही नव्हते. आमच्या भागात लष्करातून परत आलेला प्रत्येक जण मेजरच, मग तो तिथं भाकऱ्या का थापत असेना. हे हवालदार होते, दवाखान्याच्या विभागातले. कऱ्हाडजवळच्या उंब्रजचे. अंगानं काटकुळे, ताठ, आणि शर्टाला इतकी कडक इस्त्री की माणूस वाकला तरी शर्ट वाकायचा नाही. सोमवार ते शनिवार सांगलीत एका खोलीवर राहायचे, रविवारी गावाकडं. मला ते चारचौघांत मॅडम म्हणायचे आणि रागावले की पोरी. म्हणजे दिवसभर पोरीच.

त्यांची फुंकायला लावायची तऱ्हा ऐकण्यासारखी होती. समोरच्या बाईच्या नाकाला चिमटा लावायचे, नळी तोंडात द्यायचे आणि मग एकदम कवायतीच्या मैदानावर गेल्यासारखे ओरडायचे, "भरा, भरा, भरा... आता सोडा! मारा! अजून हाय, अजून हाय, थांबू नगा, लय हाय अजून आत!" शेडमधल्या सगळ्या बायका काम टाकून बघत बसायच्या. कोरोनानंतरचे दिवस. नळीला तोंड लावायचं म्हटलं की लोक चार हात लांब. मग मेजर पिशवीतून नवी कोरी नळी काढायचे, सगळ्यांसमोर पाकीट फोडायचे आणि म्हणायचे, "ही बघा. हिला कुणाचं त्वांड लागलेलं न्हाई. तुमचंच पयलं."

एकदा एका शेडमध्ये बायका काही केल्या जोर लावेनात. नसीमाभाभी म्हणून त्यांच्यातली एक वडीलधारी बाई होती, दांडगी, बोलकी. तीसुद्धा अर्धी फुंक मारून नळी बाजूला काढायची. मी वैतागले. म्हटलं, मालकानं दम भरलेला दिसतोय. मेजर बघत होते. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "पोरी, तुला कळंना व्हय? बाळंतपणं झालेली बाईमाणसं हाईत. जोर लावला की लुगडं भिजतंय. माझ्यासमूर कशा फुंकतील? मी भाईर थांबतो. आदी त्यास्नी एकेक करून मोरीवर जाऊ दे, मग तू फुंकायला लाव. वरडायचं मात्र माझ्यागत." आणि खरंच दाराबाहेर पाठ करून उन्हात उभे राहिले. मी दोन पोरांची आई, एवढं शिकलेली, आणि मला हे सुचू नये! त्या दिवशी सगळ्याजणी फुंकल्या. मेजर बाहेरूनच ओरडत होते, "अजून हाय, अजून हाय!" आणि आत बायका हसून हसून लोळत होत्या.

या नसीमाभाभीचीच आणखी एक गोष्ट. कापसाच्या धुळीचा आजार असा की सुट्टी झाल्यावर कामाच्या पहिल्या दिवशी छाती जास्त धरते. म्हणून आमच्या फॉर्मात प्रश्न होता, "सोमवारी कामावर आल्यावर छाती आवळल्यासारखी होते का?" फॉर्म कुठल्या तरी मोठ्या ठिकाणाहून मराठी होऊन आलेला. मी पहिल्या तीन शेडमधल्या बायकांना घडाघडा विचारत गेले आणि प्रत्येकीनं सांगितलं, नाही. मी नाहीवर खुणा करत गेले. मनात म्हटलं, चला, इथं फारसा आजार दिसत नाही.

चौथ्या शेडमध्ये मेजर मशीन लावत बसले होते, त्यांच्या कानावर माझा प्रश्न पडला. हातातलं काम तसंच ठेवून त्यांनी विचारलं, "भाभी, तुमाला सुट्टी कवा असती?"

"बुदवारी. लाईट नसती न्हवं त्या दिशी."

"मग बेस्तरवारी कसं वाटतंय?"

"आवं मेजरसाब, बेस्तरवारचं इचारूच नगा! छातीवर पाटा ठिवल्यागत हुतंय. शुक्कीरवारी जरा हलकं."

शेजारच्या चार-पाच जणी लगेच माना डोलवायला लागल्या. व्हय, बेस्तरवारीच. मेजर माझ्याकडं बघून म्हणाले, "सोमवार कुणाचा गं? तुजा का त्येंचा? इचारणाऱ्यानं आपल्या सुट्टीपरमानं इचारलं तर समूरचा काय सांगणार?" बोलले ते एवढंच, पण पहिल्या तीन शेडचे सगळे फॉर्म मला पुन्हा भरायला लावले. शेडमध्ये दुसऱ्यांदा सोडेनात म्हणून त्या बायकांची घरं शोधत हिंडलो. मेजर बरोबर. एकही फॉर्म अंदाजानं भरू दिला नाही.

असा हा माणूस. आणि त्यांनी आधीच ओळखूनसुद्धा मी एक मोठी चूक केलीच, ती अशी.

धुळीत काम करणाऱ्यांची छाती वाईट आहे असं म्हणायचं तर धुळीबाहेरच्या माणसांचीही मोजावी लागते. नाहीतर कशाशी ताडून बघणार? ती माणसं मेजरांनीच आणली, उंब्रजच्या आसपासची, शेतात काम करणारी, त्याच वयाची. मेजर म्हणाले, "दोन्ही मिसळून घिऊया. चार दीस हिकडं, चार दीस तिकडं." मी म्हटलं, गाडी एकदाच मिळतेय, शेडवाले अजून परवानगी देत नाहीत, सोपं आधी उरकून टाकू. डॉक्टर मॅडमना पण तेच पटवलं. मेजर कुरकुरले, पण शिस्तीचा माणूस, हुकूम मानला. उंब्रजकडची सगळी माणसं आधी फुंकून झाली. शेडच्या बायका मागाहून, काही महिन्यांनी सुरू केल्या.

आता मशीनचं सांगायला हवं. फुंकेचं मशीन बरोबर चालतंय की नाही हे रोज सकाळी तपासायचं असतं. त्याला दोन उपाय. एक म्हणजे इंजेक्शनच्या सिरिंजसारखा पण हातभर लांबीचा एक पंप असतो, त्यात बरोबर तीन लिटर हवा मावते. ती मशीनमध्ये सोडायची आणि मशीन तीन दाखवतं का बघायचं. दुसरा उपाय, मशीन चालवणाऱ्यानं रोज सकाळी स्वतः फुंकायचं आणि वहीत लिहायचं. माणूस तोच, छाती तीच, म्हणजे आकडाही जवळपास तोच यायला हवा. बहुतेक लोक हे दुसरं करतच नाहीत. मेजर रोज करायचे. सकाळी आठला उभं राहून तीन फुंका, चष्मा, वही, आकडा, खाली सही. एक दिवस त्यांना खोकला झाला होता. मी म्हटलं, आज राहू द्या, उद्या लिहा. माझ्यावर खेकसले, "आज मला बरं न्हाई म्हणून आजचा दीस झाला न्हाई काय?"

शेडचं काम सुरू झालं त्याच सुमाराला तो पंप मोडला. आतलं रबर फाटलं. नवीन मागवायचा अर्ज कॉलेजात गेला आणि या टेबलावरून त्या टेबलावर फिरत बसला. वर्ष सरत आलं तरी पंप काही आला नाही. तोवर मशीनवर पहारा एकच, मेजरांची सकाळची फुंक. आणि ती वही कुणी उघडून बघत नव्हतं. मीही नाही. मेजर लिहितायत म्हणजे झालं.

त्या दिवसांत मेजर जिन्यात मध्येच थांबून बुटाची नाडी बांधायला लागले होते. कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर आमची खोली. पहिल्या मजल्यावर एकदा नाडी, मग पुन्हा वळणावर एकदा. मी वरून ओरडायचे, "मेजर, नाडी आहे की गांडूळ, सारखी सुटते ती!" ते खाली मान घालून हसायचे. त्यांचा श्वास लागत होता, आणि मी वर उभी राहून खिदळत होते. मला त्या थट्टेची आजही लाज वाटते.

काम संपलं. मशीन कंपनीकडं सर्व्हिसिंगला गेलं. डॉक्टर मॅडमनी अहवाल लिहिला. शेडमधल्या बायकांची छाती उंब्रजकडच्या माणसांपेक्षा पुष्कळच कमी भरली होती. अहवालावर बैठक बसली. शेडवाल्यांच्या बाजूनं एक साहेब आले होते, हुशार, गोड बोलणारे. त्यांनी सगळी कागदपत्रं मागवून घेतली होती. त्यांच्या हातात मेजरांची वही होती.

"हे फार छान ठेवलंय," ते म्हणाले. "इतकी नेटकी वही मी क्वचित बघितली. पण हे बघा. सुरुवातीला तुमच्या तंत्रज्ञांची फुंक इथं आहे. मग दर महिन्याला खाली, खाली, खाली. पंप तर तुमच्याकडं नव्हता. म्हणजे मशीनच कमी दाखवायला लागलं होतं. आणि नेमक्या त्याच काळात तुम्ही शेडमधल्या बायका मोजल्या. गावाकडची माणसं मात्र आधी, मशीन चांगलं असताना. बायकांची छाती खराब नाही हो, मशीन खराब आहे."

मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सोपं आधी उरकू म्हणणारी मीच ना! मिसळून घेतलं असतं तर या माणसाला एक शब्द बोलता आला नसता. मशीनही आता कंपनीनं नवं करून पाठवलं होतं, ते तपासून उपयोग नव्हता.

"अर्थात, दुसरीही एक शक्यता आहे," साहेब हसत म्हणाले. "मशीन ठीक असेल आणि तुमचे तंत्रज्ञ आजारी असतील. पण ते तर ठणठणीत दिसतायत."

मेजर भिंतीशी उभे होते, इस्त्रीच्या शर्टात, ताठ. म्हणाले, "दिसण्यावर काय हाय साहेब? दुसऱ्या दवाखान्यातल्या मशीनवर मी फुंकतो. आकडा वहीतल्या शेवटच्या पानासारखा आला, तर मशीन बरोबर आणि मी बाद. चांगला आला, तर मी बरा आणि तुमी बरोबर. मंजूर?"

साहेबांचं हसू गेलं. मंजूर म्हणाले. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला की मेजर काय बोलून गेले. मेजर धडधाकट निघाले, तर वर्षभराचं काम आणि त्या सगळ्या बायकांचे पंखे गेले. बायका जिंकायच्या तर मेजरांना आजारी निघावं लागणार होतं. तिसरी वाटच नव्हती.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "मेजर, तुम्हाला माहीत होतं?"

"जिन्यात कळलं हुतं. दम मला लागत हुता, मशीनला न्हाई. तरी वाटायचं, मशीन बी घसरलं आसंल तर? दोन्ही बी आसंल तर?"

"मग सांगायचं नाही का? औषध घ्यायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर मला घरी बशीवलं असतं तुमी. नवा माणूस, नवी छाती. वहीचा मेळ तुटला असता." मग म्हणाले, "आनी भ्या बी वाटत हुतं गं. न्हाई कशाला म्हणू?"

हे शेवटचं वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते. म्हटलं, चहा घेऊ या. घेतला.

तपासणीच्या दिवशी त्यांच्याबरोबर काकी आल्या होत्या, उंब्रजहून पहिल्या गाडीनं. काकी म्हणजे मेजरांची बायको, ठेंगणी, कमी बोलणारी. दवाखान्यात जायच्या आधी आम्ही तिघं गणपतीच्या देवळापाशी थांबलो. मेजर बाहेरूनच हात जोडून उभे राहिले. मी आणि काकी आत गेलो. शेजारी शेजारी उभ्या राहून डोळे मिटले. मी काय मागितलं ते आता लपवून काय करू? मी म्हटलं, मशीन बरोबर निघू दे. नसीमाभाभीचं तोंड डोळ्यांसमोर आणलं आणि पुन्हा पुन्हा तेच म्हटलं. ते म्हणजे दुसऱ्या तोंडानं काय मागणं होतं, हे मला नीट ठाऊक होतं.

दवाखान्यातल्या मशीनवर एक तरुण मुलगी होती. "काका, जोरात फुंका हं," ती म्हणाली. मेजर म्हणाले, "नाकाचा चिमटा इसरलीस." तिनं चिमटा लावला. त्यांनी नळी तोंडात धरली, छाती भरली आणि सोडली. तीन वेळा. तिसऱ्या वेळेला डोळे लाल झाले, भिंतीला हात लावून उभे राहिले. कुणी अजून हाय, अजून हाय म्हणून ओरडलं नाही. मला ओरडता आलं असतं.

कागद आला. मेजरांनी चष्मा लावला, वहीचं शेवटचं पान काढलं आणि दोन्ही शेजारी धरले. बारीकसा फरक होता, धरण्यासारखा नव्हे. "जुळलं," ते म्हणाले, आणि खरंच त्यांचा चेहरा खुलला हो. मग छातीचे फोटो काढले, आतल्या डॉक्टरांनी बघितलं, दार लोटून घेऊन सांगितलं. फुफ्फुसं आखडत चालली आहेत. कशामुळं, ते सांगता येत नाही. थांबवायचं औषध नाही, लांबवायचं आहे.

त्यांचा तपासणीचा कागद अहवालाला जोडायचा तर त्यांची लेखी संमती हवी होती. तोच फॉर्म, जो मेजरांनी स्वतः शेकडो जणांना वाचून दाखवला होता. त्यांनी तो स्वतःलाच शब्दन् शब्द वाचून दाखवला, मग सही केली. खाली साक्षीदाराची जागा होती. पेन काकींपुढं केलं. त्यांनी बराच वेळ ते हातातच धरून ठेवलं. मेजर म्हणाले, "कर गं." तेव्हा एकेक अक्षर जुळवत नाव लिहिलं.

पुढचं सांगून टाकते. अहवाल मान्य झाला. काही शेडमध्ये पंखे बसले, काहींमध्ये बसायचे आहेत. नसीमाभाभीच्या शेडमध्ये बसला, पण तोवर तिनं काम सोडलं होतं, पाण्याची घागरसुद्धा उचलवत नाही आता तिला. पंखा धूळ ओढतो, गेलेली छाती परत देत नाही. मेजर वर्षभरात गेले. मी मातीला पोचले नाही, उशिरा कळलं. म्हणून त्यांना शेवटचं बघितलं ते त्या तपासणीच्या दिवशीच, सांगलीच्या स्टँडवर.

कऱ्हाडची गाडी लागायची होती. मेजर खांबाला टेकून वेळापत्रकाची पाटी वाचत उभे होते. सगळ्या गाड्या तोंडपाठ असलेला माणूस, पाटी कशाला वाचेल? दम खात होते. काकी आणि मी बाकावर. काकींनी मांडीवरची पिशवी सारखी केली आणि माझ्याकडं न बघताच विचारलं, "पोरी, सकाळी देवाजवळ काय मागितलंस गं?"

मी मेजरांच्या पाठीकडं बघत राहिले.

"ह्येंनी मला सांगून ठिवलं हुतं," काकी म्हणाल्या. "मशीन बरोबर निघू दे आसं म्हण, म्हणून. उभा जलम ह्येंचं ऐकत आले. आज न्हाई ऐकलं. मी म्हणलं, देवा, ती मशीन मोडकी निघू दे."

गाडी लागली. लोक दाराकडं पळाले. मेजर पायरीवर एक पाय ठेवून थांबले, मागं रांग तुंबली, कंडक्टर हाका मारायला लागला. काकी उठल्या.

"तुजं ऐकलं बघ देवानं," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. मग गर्दीत शिरल्या, मेजरांच्या पाठीला हात लावून मागच्या लोकांना म्हणाल्या, "थांबा वाईच, ढकलू नगा," आणि त्यांचा दुसरा पाय वर जाईपर्यंत तशाच उभ्या राहिल्या.